जीप, सरहद्द आणि धुराचा दाखला

कोल्हापूर शहराच्या पूर्व अंगाला, पुणे-बंगळूर महामार्गाला बिलगून वसलेले करवीर तालुक्यातील उचगाव आणि बेळगाव शहराच्या पश्चिमेकडील, मळेकरणी देवीमुळे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक असलेले बेळगाव तालुक्यातील उचगाव, या एकाच नावाच्या दोन गावांत अंतर म्हणावे तर मोटारीने दोन-अडीच तासांचे आहे. दोन्हीकडे घराघरांत मराठी बोलली जाते आणि दोन्हीकडच्या मंडळींच्या सोयरिकी कोल्हापूर-बेळगाव टापूत पूर्वापार होत आलेल्या आहेत. तरीही बेळगावकडच्या उचगावातील एखाद्या गृहस्थाने आपली जुनी, मिस्त्रीच्या हातून दोन-तीनदा फेरफार झालेली जीप कोल्हापूरकडच्या उचगावी राहणाऱ्या आपल्या जावयाच्या हवाली केली, तर त्या जीपला एका राज्याच्या दप्तरातून सुटून दुसऱ्या राज्याच्या दप्तरात दाखल होताना ज्या तपासण्यांतून पार पडावे लागते, त्या तपासण्यांचा इतिहास हा या मुलखाच्या गेल्या शंभर वर्षांच्या राज्यकारभाराचाच एक छोटा परंतु बोलका इतिहास आहे, असे मला वाटते. प्रारंभी सरकारने वाहनाला विचारले ते कर भरला की नाही एवढेच. पुढे ते रस्त्यावर चालण्याजोगे आहे काय हे विचारले. त्यानंतर ते कागदात लिहिले आहे तेच आहे काय हे विचारले. आणि सर्वांत शेवटी, अगदी अलीकडे, त्याच्या धुरात काय आहे हे विचारले. या चार प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न मला सर्वांत न्याय्य वाटतो आणि तिसरा आज ज्या कठोरपणे विचारला जातो तो पुरेसा न्याय्य वाटत नाही. असे का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आज कागलच्या पुढे, कोगनोळीपाशी जी राज्याची हद्द लागते, ती आजची नव्हे, जुनी आहे. कागल ही करवीर दरबारच्या छत्राखालील जहागीर, आणि तिच्या पलीकडची निपाणी ही बेळगाव जिल्ह्यातली, म्हणजे ब्रिटिश अमलातील मुंबई इलाख्यातली. त्यामुळे राजर्षी शाहू छत्रपतींच्या आणि त्यांच्यामागून १९२२ साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापुराहून दक्षिणेस जाणारी मोटार कागल ओलांडताच एका राज्यव्यवस्थेतून दुसरीत जात असे. इलाख्यात १९१४ चा हिंदी मोटार वाहन कायदा चाले, संस्थानात संस्थानचा हुकूम चाले, आणि नाक्यावर बसलेल्या कारकुनाला गाडीच्या यंत्रापेक्षा गाडीतल्या मालाच्या जकातीत अधिक स्वारस्य असे. त्या काळी मोटारीही मोजक्याच होत्या: दरबारच्या, जहागीरदारांच्या, एखाद्या पेढीवाल्याच्या. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार आजही विजयादशमीला दसरा चौकातील सोहळ्यासाठी बाहेर निघते आणि तिला पाहण्यासाठी कोल्हापूरकर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. परंतु त्या वैभवशाली गाडीचा आणि शेताच्या बांधावरून चाललेल्या जीपचा मार्ग वेगळा आहे, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कागल-निपाणीच्या दरम्यानची ती जुनी हद्द एका दिवसात नाहीशी झाली. उचगाव ते उचगाव हा सगळा मुलूख एका राज्याचा, एका कायद्याचा आणि एका वाहन-नोंदवहीचा झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा, त्यातला चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्याकडे गेला, आणि पुसलेली रेघ जवळजवळ त्याच जागी पुन्हा उमटली. या रेघेविषयी सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात जी वेदना आहे, महाजन आयोगापासून सर्वोच्च न्यायालयातील दाव्यापर्यंत तिने जी वळणे घेतली, त्यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, या दोन तारखांमधली जी सात वर्षे आणि आठ महिने या टापूत सरहद्द नव्हती, नेमक्या त्याच वर्षांत जीप नावाचे वाहन या मुलखात आले आणि रुळले. एका राज्यात नोंदलेल्या त्या गाड्या १९५६ नंतर, आपल्या जागेवरून न हलता, दोन राज्यांच्या गाड्या झाल्या.

जीप आली ती महायुद्धाच्या मागोमाग. अमेरिकेतील टोलेडो शहरातील विलीज-ओव्हरलँड कंपनीने आणि फोर्ड कंपनीने मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. चारही चाकांना जोर देणाऱ्या, १३४ घन इंच क्षमतेच्या, सुमारे ६० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाच्या या गाड्यांपैकी ज्या हिंदुस्थानात उरल्या, त्या युद्धानंतर सरकारी डिस्पोजलमधून लिलावाने विकल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला आणि काही वर्षांत ती येथेच घडवण्यास सुरुवात केली. गॅरेजवाल्यांच्या भाषेत या गाड्यांचे दोन कुळांत वर्गीकरण होते: युद्धकालीन घडणीची ‘लो बॉनेट’ आणि तिच्यामागून आलेली ‘हाय बॉनेट’. नंतरच्या गाडीचे बॉनेट उंच झाले याला कारण सौंदर्यदृष्टी नव्हे. तिच्या नव्या इंजिनाची शोषण-झडप वरच्या बाजूला गेल्यामुळे इंजिनच उंच झाले, आणि पत्र्याला त्याच्यामागे जावे लागले. अमेरिकेत हा नमुना बंद पडल्यावरही आपल्याकडे तो वर्षानुवर्षे निघत राहिला.

प्रथम ती सरकारी गाडी होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्याच्या वेशीत शिरणारी शासनाची पहिली मूर्त खूण ठरली. पाटबंधारे खाते, पोलीस, देवी-हिवतापाचे आरोग्यसेवक, निवडणुकीचे उमेदवार, सगळे जीपमधून येत. मग सहकारी साखर कारखान्यांनी ती घेतली आणि सरकारी लिलावांतून ती शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. पंचगंगेच्या काठची काळी मळीची रानं आषाढात ज्यांनी पाहिली आहेत, गगनबावड्याकडे किंवा दाजीपूरच्या रानात पावसाळी वाटांनी ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना या गाडीची महती सांगावी लागणार नाही. जेथे बैलगाडी आसापर्यंत रुतते, तेथून पुढच्या चाकांचा गिअर टाकलेली जीप कण्हत, घसरत, पण निघून जाते. पुढे हीच जीप, आणि तिच्या पाठीमागून आलेल्या लांब बांधणीच्या गाड्या, खेडोपाडी वडापच्या धंद्यात शिरल्या आणि एसटी न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांचा बाजारहाट त्यांच्या टपापर्यंत भरलेल्या पोटात चालू लागला.

परंतु जीपचे पेट्रोल इंजिन खादाड होते. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धापाठोपाठ तेलाचे भाव भडकले तेव्हा पेट्रोलची जीप बाळगणे सामान्य बागायतदाराला परवडेनासे झाले, आणि येथून कोल्हापूरच्या मिस्त्रीचा खरा पराक्रम सुरू होतो. शिवाजी उद्यमनगरात तेव्हा ऑइल इंजिने घडत होती, ओतशाळांत भाग ओतले जात होते, लेथवर दिवसरात्र काम चाले. लोखंडाला कसे वळवावे हे ज्ञान या शहराच्या हातांत होते. त्या हातांनी जीपचे पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवण्यास प्रारंभ केला. कधी मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स, कधी मेटॅडोरचे, तर नंतरच्या काळात महिंद्रच्याच डिझेल गाड्यांतील फ्रेंच पूजो घडणीचे २११२ घन सेंटिमीटरचे इंजिन.

हे काम वरवर पाहणाऱ्याला वाटते तेवढे सोपे नाही, आणि ते कसे होते हे मी उचगावच्या महामार्गालगतच्या एका गॅरेजात पुष्कळ वेळ उभा राहून पाहिले आहे. इंजिन एका कुळाचे, गिअरबॉक्स दुसऱ्या कुळाची. दोहोंची भोके जुळत नाहीत. म्हणून मधे जाड पोलादाची एक प्लेट बनवावी लागते, जिच्या एका अंगाला इंजिनाची भोके आणि दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. प्लेटचा मध्य केसभर जरी चुकला तरी क्लच थरथरतो आणि थोड्याच महिन्यांत गिअरबॉक्सचे बेअरिंग बोलू लागते. त्यामुळे मिस्त्री प्लेट लेथवर चढवून, डायल लावून, काटा स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा ती सरकवतो, आणि तेवढा वेळ गॅरेजात कोणी मोठ्याने बोलत नाही. त्यानंतर अडचण येते ती फेऱ्यांची. हाय बॉनेट जीपच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ ला १ असे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाच्या बाजूचा दांडा पाचाहून अधिक वेळा फिरायचा. उंच फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनाला ते मानवे, पण संथ डिझेल इंजिनाला ते घेऊन महामार्गावर धावता येत नसे. म्हणून क्राउन-पिनियनही बदलावे लागे, आणि तेही पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांचे सारखेच; कारण दोहोंत फरक राहिला तर चारही चाकांचा जोर लावताच पुढचे आणि मागचे एकमेकांशी झगडू लागतात आणि मधली पेटी फुटते. हे सारे गणित ज्याने केले तो बहुधा चौथी-सातवी शिकलेला असे. या विद्येला मी मनापासून मान देतो, आणि पुढे जे लिहितो ते हा मान मनात ठेवूनच.

कायदा या फेरफारांकडे कसा पाहत होता? १९३९ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९४० चे मुंबईचे नियम यांनी वाहनाला पहिल्यांदा एक पुरते चरित्र दिले: नोंदणीचे पुस्तक, त्यात इंजिनाचा क्रमांक, चासीचा क्रमांक, बांधणीचे वर्ष, वजन, आसने, रंग. वाहन बदलले तर मालकाने त्याची खबर नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी, अधिकाऱ्याने वाहन पाहावे आणि पुस्तकातला तपशील दुरुस्त करून द्यावा, असा शिरस्ता होता. वाहन बदलते हे कायद्याला मान्य होते. त्याने चोरून बदलू नये एवढीच त्याची अपेक्षा होती. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्यातील ५२ व्या कलमाचीही मूळ भूमिका अशीच, आधी कळवा आणि परवानगी घ्या, या स्वरूपाची होती. त्यामुळे पेट्रोलची जीप डिझेलची झाली की मालक ती पासिंगला नेई, निरीक्षक बॉनेट उघडून पाही, आणि पुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक तांबड्या शाईने चढे.

राज्य बदलणाऱ्या वाहनाचा मार्गही याच कायद्याने आखून दिला. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल तर ४७ व्या कलमान्वये तेथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ नोंदणी अधिकाऱ्याकडून ४८ व्या कलमाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, ज्याला सगळे जण एनओसी म्हणतात. कर थकलेला नाही, गाडी चोरीची नाही, तिच्यावर कोणाचे कर्ज नाही, याची त्यात ग्वाही असते. बेळगावची के.ए. २२ किंवा चिकोडीकडची के.ए. २३ ही अक्षरे काढून कोल्हापूरची एम.एच. ०९ लावायची म्हणजे अठ्ठावीस नंबरचा अर्ज तिकडे आणि सत्तावीस नंबरचा अर्ज इकडे. शिवाय महाराष्ट्राचा कर, आणि गाडी पंधरा वर्षांहून जुनी असली तर नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर. या सगळ्यात सर्वांत कसोटीचा क्षण येतो तो चासीच्या क्रमांकाचा. वर्षानुवर्षांच्या चिखलाखाली, रंगाच्या चार-चार थरांखाली दडलेला तो क्रमांक पॉलिश पेपरने हळूहळू घासून काढतात, त्यावर पातळ कागद दाबून धरतात आणि पेन्सिलीचे आडवे फराटे मारतात, तेव्हा कागदावर आकडे पांढरे उमटू लागतात. ती नक्कल अर्जाला जोडली जाते. घासताना हात जरा जड पडला आणि एखादा आकडा पुसट झाला तर गाडीची ओळखच संशयात सापडते. म्हणून हे काम अनुभवी मिस्त्री पोराटोरांकडे देत नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीला तर याच्याही आधी लष्करी अधिकाऱ्यांचा मूळ विक्री-दाखला दाखवावा लागतो, आणि तो कागद तीन मालकांपूर्वीच हरवलेला असला तर पुढचे सगळेच थांबते.

आता धुराकडे येऊ. धुराविषयी जुन्या नियमांत जे होते ते शब्दांत होते, आकड्यांत नव्हते. धूर ‘फार’ आहे की नाही हे निरीक्षकाच्या डोळ्यावर सोपवलेले असे. १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने वाहनांच्या धुराची जबाबदारी नोंदणी अधिकाऱ्यांकडे सोपवण्याचा मार्ग उघडला, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी ११५ व्या नियमाने प्रथमच मोजमाप दिले: पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून अधिक नसावा, आणि डिझेल गाडीचा धूर मुक्त प्रवेगाच्या चाचणीत ६५ हार्ट्रिज एककांच्या वर जाऊ नये. पुढे नव्या गाड्यांसाठी २००० साली आणि नंतर टप्प्याटप्प्याने भारत स्टेजचे दंडक आले, १ एप्रिल २०२० पासून सहाव्या टप्प्याचे. पण जुन्या गाडीला तिच्या जन्मकाळाचाच दंडक लागू राहिला. वृद्धाकडून तरुणाच्या फुप्फुसांची अपेक्षा न करण्याचा हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

डिझेल जीपची धूर-तपासणी मी पाहिली ती याच उचगावच्या गॅरेजात, प्रत्यक्ष केंद्रावर नेण्यापूर्वी. बेळगावकडून आलेले एक पाहुणे उतावीळ झाले होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, “पावणं, दम धरा. गार इंजिनचा धूर मोजला तर गाडी नापासच हुनार. पयलं कागलपतूर एक चक्कर मारून या.” पाहुणे परत आले तेव्हा इंजिन चांगले तापले होते. मग मिस्त्रींनी बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला, आणि त्यातली माती जमिनीवर झटकली ती जवळजवळ पसाभर निघाली. नोझल काढून चाचणीच्या पंपावर लावले, तर फवाऱ्याऐवजी एका बाजूने थेंब गळत होता. “हे बगा,” ते म्हणाले, “डिझेल जळत न्हाई, नुसतं भिजतंय. ह्योच तुमचा काळा धूर.” नोझल बदलले, पंपाचा जास्तीचा पुरवठा कमी केला, झडपांचे अंतर बसवले, आणि मग सायलेन्सरच्या तोंडात धूरमापकाची नळी घालून ॲक्सिलरेटर एका दमात खाली दाबला. इंजिन गर्जत गव्हर्नरच्या मर्यादेपर्यंत गेले आणि सोडताच खाली आले. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. पहिल्या दाबाला नळीतली जुनी काजळी निघते, म्हणून तो आकडा मिस्त्री जमेस धरत नाहीत. नंतरचे आकडे एकमेकांजवळ आले की त्यांची सरासरी खरी. काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन, निळा धूर म्हणजे रिंगांतून वर चढलेले ऑइल, पांढरा धूर म्हणजे गार किंवा दाब गमावलेले इंजिन, हे निदान ते वैद्याने नाडी पाहावी तसे करतात. त्या दिवशी निळा धूर नव्हता, म्हणून पाहुण्यांचे इंजिन उघडण्याचे संकट टळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच ११५ व्या नियमानुसार धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, एकदा मिळाला की मुदत संपेपर्यंत तो सबंध भारतात चालतो. क्रमांक राज्याचा, कर राज्याचा, ना-हरकत दाखला राज्याराज्यांतला; पण हवा मात्र एक आहे आणि तिच्याविषयीचा दाखला सरहद्द मानत नाही. आपल्या वाहन-कायद्यात इतके शहाणपणाचे वाक्य मला क्वचितच आढळले.

परंतु धुराची परीक्षा जसजशी नेमकी होत गेली तसतशी फेरफाराविषयीची सहिष्णुता मात्र आटत गेली. २००० सालच्या दुरुस्तीने ५२ व्या कलमाचा रोखच बदलला. आता मालकाने केलेला फेरफार पुस्तकातल्या तपशिलाशी जुळतो की नाही हा प्रश्न उरला नाही. तो निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असताच कामा नये, असे ठरले. अपवाद राहिले ते सीएनजी, एलपीजी, विजेरी अशा दुसऱ्या इंधनासाठी, आणि अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी करावयाच्या बदलांचे. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मान्य केला. या कठोरतेला कारणे नव्हती असे नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी लष्करी भंगारातल्या सांगाड्यांवर नव्या जीपगाड्या उभ्या करण्याचा मोठा धंदा वाढला होता, तेथल्या गाड्या देशभर जात, आणि त्यांतल्या काहींचा चासी एकाचा, इंजिन दुसऱ्याचे व कागद तिसऱ्याचे असे. अरुंद धुऱ्यांवर अवाढव्य टायर चढवलेली, पाटे उंचावलेली, ब्रेक मात्र जुनेच ठेवलेली गाडी घाटात कशी वागते, हे ज्याला ठाऊक आहे तो नियमाची गरज नाकारणार नाही. त्यातच दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यानंतर तिकडच्या जुन्या गाड्या ना-हरकत दाखले घेऊन इतर राज्यांत उतरू लागल्या, आणि प्रत्येक राज्याचा निरीक्षक परक्या जीपकडे अधिक संशयाने पाहू लागला.

म्हणून आजची स्थिती अशी आहे की, १९६२ सालची एखादी जीप, जिच्यात १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन बसवले आणि ते तेव्हाच्या रीतीने पुस्तकात नोंदवून घेतले, ती निदान कागदाच्या आधाराने उभी राहू शकते. पण तसेच इंजिन २००० नंतर बसवलेली, कदाचित अधिक स्वच्छ जळणारी, धूरमापकावर उत्तम उतरणारी दुसरी जीप निरीक्षकासमोर आली, की इंजिनाच्या क्रमांकापाशीच तिचा प्रवास थांबतो. पहिली धुराच्या परीक्षेत काठावर पास होते, दुसरी चांगल्या गुणांनी. पण दप्तरात जागा मिळते ती पहिलीला. हे मला खटकते. अधिकाऱ्यांचा यात दोष नाही; कायद्याने त्यांच्या हाती तेवढेच अधिकार ठेवले आहेत.

दूरच्या मुलखात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले गेले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया हे राज्य धुराच्या बाबतीत सर्वांत कडक. १९८४ पासून तेथे नियमित धूर-तपासणीची व्यवस्था आहे आणि दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या गाडीलाही नव्या नोंदणीसाठी तिच्यातून जावे लागते. तरीही इंजिन बदललेली जीप तेथे आपोआप बाद होत नाही. बसवलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे, त्याच्यासोबत निर्मात्याने दिलेली धूर-नियंत्रणाची सगळी उपकरणे जागेवर व चालू असावीत, आणि अशी गाडी सामान्य केंद्राऐवजी त्यासाठी नेमलेल्या पंचाने तपासावी, अशी ती व्यवस्था आहे; पंचाला समाधान वाटले की तो गाडीवर तशी पट्टी लावून देतो आणि पुढच्या तपासण्यांत त्या इंजिनालाच त्या गाडीचे इंजिन मानले जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांपैकी जुन्या जीपचा नाद असलेल्यांना या पंचाचे काम चांगले ठाऊक असते. आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून वाहनसंशोधनाची एआरएआय ही मान्यवर संस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अनुभवी निरीक्षक, ब्रेक व धूर यांची मोजणी आणि मिस्त्रीच्या कामाची नोंद, या तिन्हींना एकत्र आणणारा असा पंच कोल्हापुरात बसवणे अशक्य नाही, आणि तो बसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दरम्यान केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत दुसरी एक वाट काढली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्ही ए’ अशी वेगळी अक्षरे, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शने, रॅली, देखभाल वा तत्सम कारणांपुरतीच रस्त्यावर काढायची. जुन्या लो बॉनेट जीपसाठी हा सन्मान आहे. पण तो लाभतो तो मूळ इंजिन टिकवलेल्या गाडीला, म्हणजे ज्या गाड्या या मुलखात शेतकऱ्याच्या उपयोगी पडल्या आणि म्हणूनच बदलल्या, त्या बहुतेक गाड्या या सन्मानाबाहेर राहतात.

या नियमाचा परिणाम गॅरेजांत दिसू लागला आहे. ज्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या वडिलांनी पेट्रोल इंजिने उतरवून भंगारात घातली, त्यांच्याकडेच आता लोक मूळ पेट्रोल इंजिने शोधून आणतात आणि परत बसवून मागतात. फुटक्या ब्लॉकना शिवण घालणे, जुन्या कार्बुरेटरच्या जेटची भोके पुन्हा मापात आणणे, मूळच्या प्रमाणाचे क्राउन-पिनियन मिळवणे, ही कामे उद्यमनगरच्या लेथवर पुन्हा येऊ लागली आहेत. उचगावच्या त्या गॅरेजात मी गेलो तेव्हा एका बाजूला बेळगावच्या पाहुण्यांची डिझेल जीप धुराच्या दाखल्यासाठी तयार होत होती आणि दुसऱ्या बाजूला एका लो बॉनेटच्या पोटातून तीस-पस्तीस वर्षे जुने डिझेल इंजिन साखळीने वर उचलले जात होते. ते इंजिन भंगारात जाणार का, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, “छे हो. हिरीवर बसवायचंय. वरच्या मळ्यात अजून लाइट आली न्हाई.”